धम्मशीला बाईंचा खोकला

धम्मशीला वाव्हळे बाईंना मी ओळखत होतो, असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. ताडकळसला आमच्या गल्लीत समोरच्या दोन खोल्यांत त्या सहा वर्षं शिवणकाम शिकवायच्या आणि मी इकडे ओसरीवर बसलेला असायचो, एवढीच ओळख. त्यांचं माहेर कोणतं, त्यांना खायला काय आवडायचं, वाव्हळे मास्तर वारल्यावर त्यांनी दिवस कसे काढले, यातलं मला काही ठाऊक नाही. सहा वर्षांत आमचं जे बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावेल आणि पत्त्याला जागा उरेल.

बाई यंदा जानेवारीत वारल्या. वर्गातल्या बायकांनी त्यांच्या आठवणींची एक वही काढायची ठरवली आणि मला येऊन म्हणाल्या, काका, परीक्षेच्या दिवशी बाई तुमच्याच ओसरीवर होत्या, तेव्हा तो दिवस तुम्ही लिहा. मी तहसिलीत तीस वर्षं आवक-जावक बारनिशी लिहिली. त्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. शिवाय खोलीच्या आत जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते तानुबाईंनी सांगितलं, आणि तानुबाई सांगतात त्यातलं अर्धं वजा करायचं असतं. मला जमेल तेवढं मी वजा केलं आहे.

बाईंच्या खोकल्याची सुरुवात तानुबाईंपासूनच झाली.

वर्ग सरकारी योजनेतला, तीन महिन्यांचा. अठरा मशीन, अठरा बायका. शेवटी बाहेरगावचा परीक्षक येणार, तीन तासांत लहान मुलीचा एक फ्रॉक शिवून घेणार आणि पास झालेल्यांना प्रमाणपत्र मिळणार. त्यात अनसूया नावाच्या सुनेनं नाव घातलं, तेव्हा तिच्या सासूनं, म्हणजे तानुबाईंनी, आपलंही घातलं. सून एकटी तीन तास घराबाहेर बसणार हे त्यांना पटत नव्हतं, आणि सासूला न कळणारी एखादी गोष्ट सुनेला कळावी हे तर त्याहून पटत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात बाई सहज म्हणाल्या, "तानुबाई, बाही उलटी लागली बघा." अनसूया मशीनवर वाकून हसली. झालं. त्या घरात दोन दिवस चूल पेटली पण तोंडं उघडली नाहीत, आणि तानुबाई वर्गाला यायच्या बंद झाल्या. चौथ्या दिवशी बाई स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. त्या दिवसापासून बाईंनी वर्गात कुणाचं नाव घेऊन चूक दाखवली नाही. हातावर हात बांधून मशीनमधून फिरायच्या, कुणाचं चुकलेलं दिसलं की तिथं न थांबता पुढं जायच्या, खिडकीशी उभ्या राहायच्या आणि एकदा खोकायच्या. कोरडा, आखूड, दोन ठोक्यांचा खोकला. म्हणजे कुणाचं तरी चुकलंय, जिचं तिनं बघावं आणि उसवावं. चार बायकांदेखत एकीला खाली बघायला लावायचं नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. शिकणारीच्या कापडाला आपण सुई लावायची नाही, हा दुसरा.

नियम चांगला होता. पण ज्या बाईला आपल्या हाताची खात्री नसते तिला प्रत्येक खोकला आपलाच वाटतो, हे बाईंच्या लक्षात आलं नाही. पहिल्या महिन्यात एका खोकल्याला दोघी-तिघी उसवायच्या. दुसऱ्या महिन्यात दहा-बारा. तिसऱ्या महिन्यात बाई खोकल्या की अठरा हात अठरा कातऱ्यांकडे जायचे आणि शेवटची टीप, सरळ असो की वाकडी, सर्रर्र निघायची. बाईंना वाटायचं, किती काळजीनं काम करायल्यात बायका. अशा दिवशी घरी जाताना त्या खुशीत असायच्या.

परीक्षा चैत्रात आली. ह्या परीक्षेवर एक मोठं काम अडकून होतं. जूनपासून आसपासच्या तीन गावांच्या शाळांचे गणवेश ह्याच बायकांच्या बचत गटाकडे शिवायला यायचे होते, पण शिवणाऱ्यांकडे प्रमाणपत्र पाहिजे अशी अट होती. महिनाअखेरपर्यंत कागद दाखवले नाहीत तर गणवेश परभणीच्या ठेकेदाराकडे जाणार. त्यामुळे अठराजणींच्या घरी तो आठवडाभर भाजीत मीठ कमी-जास्त पडत होतं.

केंद्राचा व्यवस्थापक केयूर म्हणून होता. परभणीहून आठवड्यातून एकदा यायचा. माणूस भला, पण भित्रा. तो आदल्या दिवशी बाईंना सांगायला लागला की परीक्षा चालू असताना शिकवणाऱ्यानं खोलीत थांबायचं नाही, काही ठिकाणी मास्तर लोक खिडकीशी उभे राहून कान खाजवतात, नाक पुसतात, आणि तेवढ्यावरून आतल्यांना उत्तरं कळतात. बाईंना हे आपल्याला सांगावं लागतंय याचंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीवरचा मापांचा तक्ता काढून गुंडाळला. फळा पुसला. कॅलेंडरवर कुठं मापं लिहिली असतील म्हणून तेही उलटं केलं. मग गळ्यातली टेप केयूरच्या हातात दिली आणि वर चष्माही काढून दिला.

केयूर म्हणाला, चष्मा कशाला.

"चष्मा नसला की मला चार हातांपलीकडं दिसत न्हाई," बाई म्हणाल्या. "म्हणजे मी बघितलं असं कुणी म्हणायलाच नको."

आणि त्या चाचपडत रस्ता ओलांडून माझ्या ओसरीवर आल्या आणि वर्गाकडे पाठ करून बसल्या. माझ्या घराच्या भिंतीकडे तोंड. भिंतीवर पाल होती. तीही त्यांना दिसत नसावी.

डोळ्यांचा बंदोबस्त झाला. घशाचा कुणाला सुचला नाही.

वर्गाला लागून लक्ष्मीबाईंचं मिरची कांडप आहे. चैत्रात वर्षाचं तिखट करायला अख्खी पंचक्रोशी तिथं येते. बाईंनी आदल्या दिवशी लक्ष्मीबाईंना एक वाजेपर्यंत मशीन बंद ठेवायची विनंती केली होती आणि त्यांनी हो म्हटलं होतं. पण अकराच्या सुमारास पेडगावहून दोघंजण मोटारसायकलवर मिरचीचं पोतं मधे घालून आले. घरी लग्न होतं, घाई होती. लक्ष्मीबाईंनी नंतर सगळ्यांना हेच सांगितलं की लग्न माझं न्हाई, मिरची माझी न्हाई, मी फक्त बटण दाबलं.

वारा आमच्या ओसरीकडे वाहत होता. दोन मिनिटांत बाईंचा पहिला खोकला आला. कोरडा, आखूड, दोन ठोक्यांचा.

आत मुकुल नावाचे परीक्षक होते. नांदेडकडचे, तिशीतले, हातात टॅब. खिडकीतून खोकला आला आणि अठरा बायकांनी मशीन थांबवून कातऱ्या उचलल्या. साहेबांना वाटलं, इकडं अशीच पद्धत असेल. त्यांनी टॅबवर लिहिलं, "उमेदवार काळजीपूर्वक काम करतात." पाच मिनिटांनी दुसरा खोकला. परत अठरा कातऱ्या. तिसऱ्या वेळी त्यांनी जवळ जाऊन बघितलं तर राजेश्री नावाची मुलगी अगदी सरळ, मोजून मारल्यासारखी टीप उसवत होती. बाई इकडे तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. मी आतून खडीसाखर आणून दिली. ती चघळता चघळता त्यांना जोराचा ठसका लागला आणि खोकला उलट खणखणीत निघाला. मग मलाही खोकला आला, पण माझ्या खोकल्याला आत कुणी विचारलं नाही.

साडेअकरापर्यंत बारा खोकले झाले होते. मी मोजत होतो, करायला दुसरं काही नव्हतं. आत कापडांची चाळणी झाली होती. तानुबाईंनी एकच काखेची शिलाई नऊ वेळा घातली आणि नऊ वेळा काढली, आणि प्रत्येक वेळी सुनेकडे बघून घेतलं की तीही काढायलीय ना. एकीचाही फ्रॉक गळ्याच्या पुढं गेला नव्हता. मुकुल साहेबांनी शेवटी राजेश्रीला विचारलं की हे चांगलं शिवलेलं का उसवतेस.

राजेश्री सरळ पोर. म्हणाली, "बाई खोकायल्यात ना."

साहेब टॅब घेऊन तसेच बाहेर आले. मागून केयूर पळत आला. साहेब माझ्या ओसरीची पायरी चढले आणि केयूर त्यांच्या पाठीमागे उभा राहून बाईंना हातवारे करायला लागला. आधी कांडपाकडे बोट दाखवलं, मग नाक दाबलं, मग दोन्ही हात हलवून दुसरं काही बोलू नका अशी खूण केली. सगळं मला दिसत होतं. बाईंचा चष्मा त्याच्याच खिशात होता.

"बाई, सकाळपासून तुम्हीच खोकताय का?" साहेबांनी विचारलं.

"हो. मिरचीनं."

"नुसतं मिरचीनं?"

इथं बाईंना थांबता आलं असतं. मिरची खरी होती, खोकला खरा होता, साहेबांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. केयूरनं डोळे मिटून घेतले होते. मी आपला खडीसाखरेच्या वाटीकडे बघत बसलो.

"खोकला मिरचीचाच हाय, साहेब," बाई म्हणाल्या. "पण माझ्या वर्गात खोकला म्हणजे उसवा. ते मीच शिकवलंय. त्या बायांची यात चूक न्हाई."

साहेब खाली बसले. त्यांना काही बोलायचं होतं, पण तोंड उघडलं तसं तिखट घशात गेलं आणि तेच दणकून खोकले. समोरच्या खिडकीतून तानुबाईंचा आवाज आला, "सायबाला बी पसंत न्हाई वाटतं. काढा गं." आणि पाठोपाठ कातऱ्यांचा आवाज.

त्यानंतर अर्धा तास माझ्या ओसरीवर सरकारी काम चाललं. टॅबमध्ये दोन प्रश्न होते. प्रशिक्षकानं उमेदवारांना इशारा दिला का, हो किंवा नाही. इशाऱ्यानं उमेदवारांचा फायदा झाला का, हो किंवा नाही. साहेबांनी पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही केलं तर टॅब लाल व्हायचा आणि पुढं सरकायचाच नाही. इशारा दिला आणि त्यानं नुकसान झालं, असं कुठल्या वर्गात होईल हे टॅब बनवणाराच्या मनातच आलं नव्हतं. साहेबांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर तिकडून विचारण्यात आलं की खोकला मुद्दाम केलेला होता की आपोआप आलेला. साहेब म्हणाले, आपोआप आलेला, पण ऐकणाऱ्यांना मुद्दाम वाटलेला. तिकडच्यानं त्यांना थांबायला सांगितलं. मग फोन दुसऱ्याकडे दिला. त्यानं पहिल्यापासून सांगायला लावलं.

केयूरनं मग हळूच सुचवलं की पहिल्याच प्रश्नाला नाही करून टाकावं. मिरचीचा खोकला हा काही इशारा नव्हे. बायकांना तासभर वाढवून द्यावा, मिटलं. आणि खरं सांगायचं तर मला हे पटलं होतं. साहेबांचंही बोट त्या "नाही"वर जाऊन थांबलं होतं.

"साहेब, हो लिहा," बाई म्हणाल्या.

केयूर कळवळला. "बाई, अठराजणींचा विचार करा."

"त्यांचाच करायलेय. आतून त्या बघायल्यात. तीन महिने मी त्यांना सांगितलं, वाकडी टीप आतल्या बाजूला लपवू नका म्हणून. आता माझीच लपवू का?"

साहेबांनी बोट उचललं. टॅब बंद केला, माझ्याकडे कोरा कागद मागितला आणि सगळी हकीकत हातानं लिहिली. मिरची, वारा, चौदा खोकले आणि आपला स्वतःचा पंधरावा. तो त्यांनी लिहिला नसता तरी चाललं असतं, पण बाई समोर बसल्या होत्या, त्यामुळे असेल. त्या दिवशीची परीक्षा रद्द. दहा दिवसांनी फेरपरीक्षा, दुसरे परीक्षक, आणि शिकवणाऱ्या बाईंनी त्या दिवशी गावाच्या हद्दीत थांबायचं नाही.

बायका बाईंवर चिडल्या. चिडणारच. महिनाअखेर बारा दिवसांवर होती. बाई, तुमी निस्ता मिरची म्हणला असता तर काय बिघडलं असतं, असं अनसूयानं तोंडावर विचारलं. बाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी अठरापैकी पाचच आल्या. बाईंनी त्या पाचजणींना बसवलं आणि त्यांची माफी मागितली. उसवा म्हणाल्या नाहीत, शिवा म्हणाल्या नाहीत, म्हणाल्या की माझ्या खोकल्यानं तुमची नजर मोडली, ती आता नीट करू.

मग सुरू झाला तो खोकला मोडायचा वर्ग. तसला वर्ग मी पुन्हा बघितला नाही. बाई मशीनमधून फिरायच्या आणि दर पाच मिनिटांनी मुद्दाम खोकायच्या, आणि बायकांनी कातरीला हात लावायचा नाही. आधी आपली टीप बघायची, सरळ असली तर पुढं जायचं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी पाचही जणींनी उसवलं. दुसऱ्या दिवशी नऊ आल्या आणि सात जणींनी उसवलं. तिसऱ्या दिवसापर्यंत झाडून सगळ्या आल्या, कारण गल्लीभर आवाज जात होता आणि घरी बसून ऐकणं कुणाला सहन होईना. तानुबाई आपल्या कातरीवर बसायच्या. खोकला आला की अर्ध्या उठायच्या आणि परत बसायच्या. "बाई, हात आपसूक जायलाय," त्या म्हणायच्या. "हाताला जरा सांगून बघा तुमी." आठव्या दिवशी बाई सलग दहा मिनिटं खोकल्या. अठरा मशीन चालू राहिली. बाईंचा आवाज मात्र बसला तो चार दिवस.

फेरपरीक्षेच्या दिवशी बाई पहिल्या एसटीनं मानवतला बहिणीकडे गेल्या. लक्ष्मीबाईंनी कांडपाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून दारात बसून राहिल्या, जणू चोर येऊन तिखट कांडून जाणार होते. सतराजणी पास झाल्या. तानुबाई राहिल्या. त्यांनी एक बाही उलटी लावली होती. लावल्या लावल्या त्यांना कळलं होतं, पण काही झालं तरी उसवायचं नाही असं त्या घरून ठरवून आल्या होत्या. नवीन परीक्षक बाईंनी फ्रॉक हातात घेऊन विचारलं तर तानुबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "उलटी हाय. पण उसवलं न्हाई." पुढच्या वेळी त्या पास झाल्या. तोवर गणवेश सतराजणींनी शिवले, आणि तानुबाईंनी त्यांना बटणं लावली. त्यातलं एकही नंतर तुटलं नाही म्हणतात, पण हेही तानुबाईंनीच सांगितलेलं.

मुकुल साहेबांचा तो हातानं लिहिलेला कागद वर कुणीतरी वाचला असावा. दोन वर्षांनी बाईंना परीक्षक होण्याचं बोलावणं आलं. प्रशिक्षण घेऊन त्या परीक्षा घ्यायला दुसऱ्या तालुक्यांत जायला लागल्या. इथले वर्ग नसतील त्या दिवशी सकाळच्या गाडीनं जायच्या आणि गाडी यायची तोवर माझ्या ओसरीवर टेकायच्या. परीक्षक म्हणून त्या कशा होत्या ते मला माहीत नाही. कुणी म्हणतं कडक, कुणी म्हणतं लय कडक. जिथं परीक्षा घ्यायची तिथलं काही घ्यायचं नाही एवढं त्यांचं पक्कं होतं. चहा नाही, केळं नाही, निरोपाचा नारळ नाही, आणि एका केंद्रावर पंखा त्यांच्याकडे फिरवला तर त्यांनी तो परत बायकांकडे वळवायला लावला म्हणे.

मला त्यांना पुष्कळ विचारायचं होतं. त्या दिवशी "हो लिहा" म्हणताना भीती वाटली का, हे तर नक्कीच विचारायचं होतं. पण अशी गोष्ट विचारायला मला आधी चार दिवस मनाची तयारी करावी लागते, आणि गाडी दहा मिनिटांत यायची.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी त्या अशाच आल्या. जिंतूरला जायचं होतं. थंडी होती, त्यांनी डोक्यावरून शाल घेतली होती. पिशवीतून रिकामी बाटली काढून माझ्यापुढं धरली.

"काका, पाणी भरून देता का? तिथलं पिता येत न्हाई."

"देतो की. माठातलं देऊ का नळाचं?"

"कोणतंबी चालतं," त्या म्हणाल्या. "गाडी दिसायली, जरा लवकर द्या."